शेवटचा कोपरा

अनिसानं चार वर्षं कापसाला हात लावला नव्हता.

पिंजाऱ्याची लेक, पिंजाऱ्याची सून. पण सोलापुरात गादीचं दुकान दिसलं की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची. कापसाचा तो कोरडा, घशाला लागणारा वास नाकात शिरला की तिची बोटं आपोआप हलायला लागायची. मग बोटांची मूठ करून ती पुढं निघायची. कुठल्याही दुकानात गेली असती तर मालकानं हात बघून दुसऱ्या दिवसापासून कामाला ठेवली असती. तिला तेच नको होतं. पिंजाऱ्यांची सोयरीक गावोगाव. कापसाच्या गाठोड्याबरोबर बातमी फिरते, आणि चांदसाब पिंजाऱ्याच्या सुनेचा हात ओळखणारी माणसं जेऊरच्या बाजारात काही कमी नव्हती. म्हणून ती टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला बसली. सरळ टीप, वळण, परत सरळ टीप. त्या शिलाईला कुणाचं नाव नसतं.

जेऊर सोडलं तेव्हा आयेशा तेरा वर्षांची होती, सातवीत. अनिसाच्या नवऱ्यानं, आसिफनं, पोरीचं लग्न आपल्या थोरल्या भावाच्या मुलाशी ठरवलं होतं. अतीक त्याचं नाव. तेवीस वर्षांचा, टेम्पो चालवायचा, बोलता बोलता हात उचलणारा. "घरातली पोर घरात राहील," एवढंच आसिफ म्हणाला. अनिसा आधी हळू नको म्हणाली, मग मोठ्यानं नको म्हणाली, आणि मग आठ दिवस तिला उजवा हात वर उचलता आला नाही. बाहेर पडवीत सासरा चांदसाब पिंजण घेऊन बसला होता. ह्याच सासऱ्यानं तिला कापूस शिकवला होता, पोटच्या लेकांपेक्षा तिच्या हातावर त्याचा जीव. आतलं सगळं बाहेर ऐकू जात होतं. तरी पिंजणीच्या धनुकलीची ताणलेली तात वाजत राहिली, टण्ण, टण्ण, टण्ण. एकदाही थांबली नाही.

बाजाराच्या दिवशी पोरीला वह्या आणायच्या म्हणून अनिसा निघाली ती सरळ स्टेशनावर गेली. जेऊरहून पळालेलं माणूस पुण्याला जातं, सगळे तिकडंच शोधतील, म्हणून तिनं उलटी गाडी धरली.

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात म्हाळसाबाईची खोली भाड्यानं मिळाली. म्हाळसाबाई सत्तरीची, विधवा, तोंडानं तिखट. जन्मभर बाजारोबाजार मिरची विकलेली.

"गाव कुटलं?"

"मंद्रूप. नवरा वारला."

"मंद्रूपात कुणाच्यातली?"

"मंद्रूप लई मोठं हाय मावशी. तुमाला न्हाय कळायचं."

"बारा वर्सं मंद्रूपच्या बाजारात बसले मी मिरच्या घेऊन. मला न्हाय कळायचं तर कुणाला कळायचं?"

म्हाळसाबाईनं आयेशाच्या पायाकडं बघितलं. एका पायात काळी चप्पल, दुसऱ्या पायात निळी; घाईत हाताला लागली ती घातलेली. म्हातारीनं किल्ली काढली.

"पाणी सकाळी साडेसहाला येतं. आन् मंद्रूप सांगायचं तर आधी माझ्याकडनं शिकून घे. नीट येत न्हाय तुला."

आणि खरंच तिनं शिकवलं. बाजार कुठल्या वारी, एसटी कुठं थांबते, कुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ. महिन्याभरात अनिसाला अख्खं मंद्रूप पाठ झालं. ज्या गावात तिनं पाऊल ठेवलं नव्हतं ते तिचं माहेर झालं, आणि ज्या गावात अठरा वर्षं नांदली त्याचं नाव घरात कुणी घेईना. आयेशा सुद्धा नाही.

*

चौथं वर्ष सरताना सिद्धेश्वरी कारखान्यात आली, जेवणाच्या सुट्टीत. पेठेतल्याच घरची, अठ्ठावीस-तीस वर्षांची, खादीचा कुडता, गळ्यात बारीक चांदीचं लिंग. एका संस्थेत काम करायची. बाहेरगावाहून सोलापुरात पोटासाठी आलेल्या, घर तुटून आलेल्या माणसांसाठी त्यांनी एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये 'गोष्टघर' काढलं होतं. रविवारी दुपारी यायचं, गोष्ट सांगायची, चहा प्यायचा.

"मला गोष्टी येत न्हाईत मॅडम," अनिसा म्हणाली.

"तोंडानं सांगायचीच नाही आधी. या तर खरं."

गेली ती आयेशाच्या हट्टानं. सोबतीला म्हाळसाबाई, तिचं म्हणणं, चहा फुकट असेल तर मी बी निर्वासित.

तिथली रीत वेगळी होती. सगळ्यांनी गोल बसायचं आणि डोळ्यांवर मऊ कापडाची पट्टी बांधायची. ज्याची पाळी असेल तो फिरून प्रत्येकाच्या हातात आपल्या गावचं काहीतरी ठेवणार. हाताळायचं, हुंगायचं, कानाशी धरायचं, खाण्याचं असेल तर चाखायचं. सगळ्यांचं झालं की मग गोष्ट. पट्टी शेवटपर्यंत काढायची नाही. सिद्धेश्वरी म्हणायची, डोळे उघडे असले की आपण आधी माणसाचे कपडे बघतो.

शिवप्पा नावाचे एक म्हातारे होते, गाव धरणात गेलेलं. त्यांनी प्रत्येकाच्या तळव्यावर मूठभर ओला गाळ ठेवला. गार, गुळगुळीत, माशाचा वास येणारा. "ह्ये आमचं गाव," ते म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी जाऊन बघून येतो. मारुतीच्या देवळाचं शिखर येतं वर. आमचं घर न्हाय येत." गाळ हातात धरून सगळे बसले होते, कुणाला तो खाली टाकवेना. झारखंडहून मागावर कामाला आलेल्या जोडप्यानं सुकलेली मोहाची फुलं दिली तर म्हाळसाबाई पट्टीखालून म्हणाली, "दारूचा वास येतोय की गं बाई. ह्यांच्या गोष्टीला मी रोज येते." हॉल हसला, आणि मराठी न कळणारं ते जोडपंही हसलं. कलबुर्गीकडची गौरम्मा हॉलच्या कोपऱ्यात भाकरी थापायची, कानांनी ऐकायला. थप थप थप. त्या आवाजाबरोबर ज्याला जी आई आठवायची ती त्याची.

अनिसा दोन महिने नुसती बसून राहिली. मग एका रविवारी तिनं कमरेच्या पिशवीतून मूठभर कापूस काढला. कुठून आणला, कसा आणला, चार वर्षांनी हातात धरला तेव्हा काय झालं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. एकेकाच्या गालाला तिनं तो पुंजका लावला. खिडकीच्या गजाला दोरी ताणून बांधली आणि बोटानं छेडली. टण्ण. परत, टण्ण. आणि त्या ठेक्यावर, तिचं तिलाच कळायच्या आत, तोंडातून ओवी आली:

*कापूस पिंजिते, धुकं दाटलं दारात,*
*नाव नका पुसू बाई, पाहुणी मी घरात.*

पट्टी बांधलेली म्हाळसाबाई मान हलवत होती. जात्यावर जन्म गेलेली बाई ती, ओवीला ओवी न देता कशी राहील? घसा खाकरून तिनं सूर धरला:

*पाहुणी म्हणू नको, चुलीला लाविला हात,*
*माझ्या गं ताटात तुझा वाढिला भात.*

अनिसाला रडू आलं नाही. उलट हातांत काहीतरी भरून आलं, चार वर्षांनी बोटं जागी झाली. ती म्हणाली, "कापड आणा सगळ्यांनी. रजई करू आपण. इथं बसायला."

*

रजईला तीन रविवार लागले. शिवप्पांचं जुनं धोतर, गौरम्माच्या इरकलीचा तुकडा, झारखंडच्या बाईची लाल काठाची साडी, म्हाळसाबाईच्या मिरचीच्या पिशवीचं कापड. धुऊनसुद्धा त्यानं शिंका यायच्या. अनिसानं सगळं जोडलं, कापूस हातानं मोकळा केला, थर दिला, टाके घातले. शेवटी एक कोपरा उघडा राहतो, त्यातून उरलेला कापूस भरायचा. तो कोपरा मिटायची वेळ आली तेव्हा सगळे घरी गेले होते. सिद्धेश्वरी कापड ताणून धरून समोर बसली होती.

अनिसानं अंगठ्यानं आतला कापूस वळवला, सुपारीएवढी गाठ केली, त्यात दोन लवंगा आणि चिमूटभर ओवा घातला आणि भोवती सात वेढ्यांचा गोल टाका मारला.

"हे कशाला?"

"अंधारात डोक्याकडची बाजू हाताला कळावी म्हणून. पायाकडची बाजू तोंडावर येऊ नये. दरेक पिंजाऱ्याच्या घरची खूण वेगळी. आमच्या मामूंची ही."

मामू म्हणजे सासरा. शब्द तोंडातून गेला आणि मागून सगळं आलं. जेऊर आलं, आसिफ आला, अतीक आला, वर न उचललेला हात आला. न थांबलेली तात आली. सिद्धेश्वरीनं हातातलं कापड सोडलं नाही. ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळून रजईवर पडलं तेव्हा अनिसाला वाटलं, हे माझ्या वाट्याचं कुणीतरी रडलं.

"सिद्धू," ती पहिल्यांदाच नावानं म्हणाली, "आयेशाला अठरा पुरी व्हायला अजून आठ महिने हायेत. तोवर त्या घराला आमचा पत्ता लागता कामा न्हाय. ते ठरलेलं लग्न त्यांनी मोडलं असेल असं मला वाटत न्हाय. पोरीला उचलून नेतील, मी काय करीन?"

"इथं हातात आलेलं इथंच राहतं, अनिसाताई. माझ्यावर विश्वास ठेवा."

ठेवला. कुणावर तरी ठेवायचाच असतो, आणि हा ठेवताना तिला हलकं वाटलं होतं.

पावसाळा सरताना सिद्धेश्वरीनं सांगितलं की संस्थेला पैसे देणाऱ्यांना गोष्टघर गावोगाव फिरवायचंय. पेट्यांमधून वस्तू न्यायच्या, गावकऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, रेकॉर्ड केलेल्या गोष्टी ऐकवायच्या. अनिसा म्हणाली, माझं नाव नको, फोटो नको, आवाज नको. "नाही," सिद्धेश्वरी म्हणाली. "फक्त रजई. माणसांना बसायला. आणि आपण अक्कलकोट, मंद्रूप, बार्शी एवढंच करणार आहोत."

रजई फक्त बसायला. अनिसानं मान डोलावली. सात वेढ्यांचा तो टाका तिनं स्वतः मारला होता, त्याचा अर्थ स्वतः समजावून सांगितला होता, आणि तरी त्या क्षणी तिला एवढंच दिसलं की आपली रजई गाव बघायला चाललीये. नाव झाकायचं तिला ठाऊक होतं. हात झाकायचा असतो हे चार वर्षं पाळलं, आणि त्या हॉलमध्ये माणसात आल्यावर विसरली.

*

पेट्या परत येणार त्या रविवारी गोष्टघराचा समारोप होता. आदल्या दिवशी सिद्धेश्वरी खोलीवर आली. चेहऱ्यावर लहान मुलासारखा दाबून धरलेला आनंद.

"उद्या तुम्ही मधोमध बसायचं, रजईवर. आयेशालाही आणा हं."

"काय हाय उद्या?"

"सांगितलं तर मजा काय."

म्हाळसाबाई दारात लसूण सोलत होती. ती म्हणाली, "हिला पोरगा बघितलाय जनू." सिद्धेश्वरी मोठ्यानं हसली आणि गेली.

हॉल भरला होता. संस्थेला पैसे देणारी मुंबईची दोन माणसं पुढच्या खुर्च्यांवर, कॅमेरा घेतलेला एकजण खिडकीशी. आयेशा मागं टेबलापाशी चहाचे कप मांडत होती. अनिसा हॉलच्या मधोमध आपल्या रजईवर बसली. सिद्धेश्वरीनं स्वतः तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, मग माईक घेतला.

"इतके दिवस अनिसाताईंनी आपल्या हातात त्यांचं गाव ठेवलं. आज त्यांच्या हातात कुणीतरी त्यांचं गाव ठेवणार आहे."

कुणीतरी पाय ओढत जवळ आलं. काठीचा आवाज. खाली बसताना गुडघ्यांची करकर. आणि मग तिच्या दोन्ही तळव्यांवर एक वस्तू आली.

लाकूड. जड, जुनं, तेलानं आणि घामानं काचेसारखं गुळगुळीत झालेलं. मध्ये मुठीसाठी बारीक, दोन्ही टोकांना गोल, आणि एका बाजूला अंगठ्याच्या झिजेनं पडलेली खाच. तिचा अंगठा त्या खाचेत आपोआप जाऊन बसला. पिंजणीच्या तातीवर ठोका मारायचा दस्ता. ह्याच दस्त्यावर मागून मामूंनी तिचा हात धरून पहिला ठोका मारून घेतला होता. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

तिला आधी इतकं गोड वाटलं की ओठ हलले. क्षणभरच.

दस्ता इथं आलाय म्हणजे माणूस इथं आलाय. समोर, हाताच्या अंतरावर. नाकाला निलगिरी तेलाचा आणि कापसाच्या धुळीचा वास येत होता. मागं आयेशाचे कप वाजत होते, एक, दोन, तीन. पोरगी तिथंच होती. डोळ्यांवर पट्टी असल्यामुळं हॉलमधली सगळी माणसं बघतायत आणि आपल्याला एकही दिसत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळलं. अतीक कुठल्या खुर्चीत बसला असेल? आसिफ दारात उभा असेल?

"ओळखलंत का ताई?" माईकमधून सिद्धेश्वरी.

अंगठा खाचेतून काढायला तिला जोर लावावा लागला.

"न्हाय."

"घाई नका करू. नीट हाताळा."

"हाताळलं. माझ्या वळखीचं न्हाय ह्ये."

हॉलमध्ये कुजबुज झाली. सिद्धेश्वरीचा आवाज थोडा अडखळला, तरी तिनं सोडलं नाही. "आपण जेऊरला गेलो होतो, तिथं एक आजोबा रजईवर बसले. त्यांना मोतीबिंदू आहे, उजेड तेवढा कळतो. रजईच्या कोपऱ्यावर हात गेला आणि ते अर्धा तास रडत होते. म्हणाले, हा माझ्या सुनेचा हात. अनिसाताई, तुमचे सासरे आलेत. पट्टी काढा."

टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी नाक ओढलं.

अनिसानं पट्टी काढली नाही. ती कानांनी बघत होती. आसिफचा खाकरा नाही. अतीकची किल्ल्यांची जुडी नाही. समोर एकच म्हातारा श्वास.

"आजोबा," ती म्हणाली, आणि मामूंना आजोबा म्हणताना जीभ जड झाली, "तुमची चूक झाली. मी मंद्रूपची."

टाळ्या विरल्या. चांदसाबनं दस्ता परत घ्यायला हात पुढं केला. दस्त्याबरोबर त्याच्या बोटांनी तिची बोटं धरली, हुंगल्यासारखी चाचपली आणि तो पुढं वाकला.

"ह्या बाईनं सांगितलं, तू लई आठवन काढतीस," तो फक्त तिलाच ऐकू जाईल असं पुटपुटला. "मला वाटलं तुजा राग सरला. तूच बोलावलंस. म्हनून पोरास्नी बी सांगितलं मी. गाडीत एकच जागा व्हती, मला आनलं. आसिफ आन् अतीक पाचच्या गाडीनं यायलेत."

"अतीकचं लग्न?"

"न्हाय केलं त्यानं दुसरीकडं."

"त्या दिशी तुमची तात थांबली न्हाय, मामू," ती तितक्याच हळू म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिची बोटं सोडली, काठी टेकून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "न्हाय बाई. आवाज ह्यो न्हाय. डोळं गेलं तशी बोटं बी गेली जनू. उगं हेलपाटा."

*

जिन्यात सिद्धेश्वरीनं तिला गाठलं. अनिसा आयेशाचा दंड धरून उतरत होती; पोरीच्या हातात अजून चहाची किटली.

"अनिसाताई, थांबा. ते तुमचेच सासरे आहेत ना? मग नाही का म्हणालात?"

"जेऊरला न्यायची न्हाय असं ठरलं व्हतं."

"शेवटी वाढवला तो दौरा. मुंबईच्या लोकांना हवं होतं, माणसं जिथून निघाली तिथं गोष्ट परत गेली पाहिजे. मी नाहीच म्हणणार होते. पण मग ते आजोबा…" ती रडायला लागली होती. "तुम्ही बघितलं नाहीत ते कसे रडले. मला वाटलं, माणसं बदलतात. मला वाटलं, तुम्हाला तुमचं घर परत मिळेल."

"मी सांगितलं व्हतं तुमाला, मॅडम. सगळं सांगितलं व्हतं. न सांगता झालं असतं तर मी नशिबाला बोल लावला असता."

"मी त्यांना पत्ता दिलेला नाही. फक्त गोष्टघराचा."

"गोष्टघरापासनं माझी खोली किती पावलं हाय?"

सिद्धेश्वरीनं चेहरा ओढणीत झाकला. अनिसाला तिचा राग येत नव्हता, हेच जास्त वाईट होतं. राग आला असता तर काहीतरी उरलं असतं. ह्याच बाईचे डोळे रजईवर गळले होते, तेही खरं होतं आणि हेही खरं होतं.

"पाचला स्टेशनावर जा," ती म्हणाली. "बोलावलं तुमी, आणायला बी तुमीच जा. विचारतील, अनिसा कुटं गेली? सांगा, मला ठाऊक न्हाय. ते खोटं बोलायची पाळी तुमच्यावर येऊ नये म्हणून मी सांगत न्हाय कुटं चालले ते."

किटली तिनं आयेशाच्या हातातून घेतली आणि पायरीवर ठेवली.

खोलीत आल्यावर आयेशानं तोंड उघडलं. "आपण का जायचं अम्मी? त्यांनी जावं. माझी बारावी आहे. मी पोलिसात सांगते."

"सांग. बाप म्हणेल, पोरगी माझी, कागद हा, मी न्यायला आलो. अठरा पुरी व्हायला अजून चार-पाच महिने हायेत, तेवढे कोण देणार तुला? एक दिवस देतील का?"

"चार वर्षं मी कुणाला गाव सांगितलं नाही. मैत्रिणीला पण नाही. आणि तू सांगितलंस."

अनिसानं कपडे भरता भरता हात थांबवला. "व्हय," ती म्हणाली. "मी सांगितलं."

आयेशानं आपली पुस्तकं दप्तरात कोंबायला घेतली, एकही मागं न ठेवता.

म्हाळसाबाई वर आली ती जिना चढून धापा टाकत. तिला हॉलमध्ये निम्मं कळलं होतं, निम्मं तिनं चार वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. "बस हितंच," ती म्हणाली. "मी दारात बसते मिरची कुटायची मुसळ घेऊन. बघू कोन चढतंय."

"आज बसाल मावशी. उद्या?"

"उद्या बी बसीन. मला काय काम हाय दुसरं?"

अनिसा तिच्याकडं बघत राहिली. ही बाई खरंच बसली असती. रोज बसली असती. आणि म्हणूनच एक दिवस कुणीतरी तिला ढकलून वर आलं असतं.

सव्वाचारला रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. दोन पिशव्या, एक दप्तर, एक पत्र्याची पेटी. म्हाळसाबाईनं पदरात बांधून आणलेल्या भाकरी आयेशाच्या मांडीवर ठेवल्या, पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. मग अनिसाकडं वळली.

"कुटं चाललीस?"

अनिसाचं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. एका बाईचं, एका गावाचं. कारखान्यातल्या एकीची बहीण तिथं होती. ह्या म्हातारीनं तिला खोटं माहेर दिलं होतं, ताटातला भात दिला होता, चार वर्षांत एकदाही वळून विचारलं नव्हतं. हिला सांगितलं तर बिघडणार काय होतं?

तोंड परत मिटलं.

"मला बी न्हाय सांगत?" म्हाळसाबाई म्हणाली.

"न्हाय मावशी."

म्हाळसाबाईनं मान हलवली, एकदा, हळू, कुणाचा तरी हिशेब मान्य केल्यासारखी. तिच्या नाकपुड्या फुगल्या. मग ती पदर सावरून दोन पावलं मागं सरली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"कुठं घ्यायचं, बाई?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"पुढं घ्या," अनिसा म्हणाली. "सांगते."

आणि रस्त्याचं वळण आलं, म्हाळसाबाई भिंतीआड गेली, आपलं बोलणं तिच्या कानांवर पडायचं नाही एवढं अंतर झालं, तोवर तिनं ते सांगितलं नाही.